पुसलेला ठसा

मित्रांनो, मी घडी घालून खिशात ठेवायचा एक जुना चाकू आहे. किती जुना, हे आता माझ्याकडे पाहून कुणालाच सांगता येणार नाही. माझी सगळी लाज त्यातच आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका नदीकाठच्या कारखान्यात झाला. मला दोन पाती आहेत, एक मोठं आणि एक लहान. मूठ गुराच्या हाडाची, खाचा कोरून तपकिरी रंगवलेली. मोठ्या पात्याच्या मुळाशी, जिथे ते मुठीत शिरतं तिथे, कारखान्याचं नाव आणि त्याखाली कमानीसारखं वळवलेलं गावाचं नाव ठोकलेलं होतं. आम्हा चाकूंचा जन्मदाखला म्हणजे तो एवढासा ठसा. कारखानदार काही वर्षांनी ठशाची अक्षरं बदलत असत. त्यामुळे जाणकार माणूस भिंगातून ठसा पाहतो आणि चाकू कोणत्या वर्षांतला ते सांगतो.

माझ्या पहिल्या मालकाची सफरचंदाची बाग होती. त्याने माझ्याकडून कलमं बांधायचं काम घेतलं, दोरखंड कापून घेतले, जेवणानंतर फळं चिरली. फळांच्या रसाने माझं पातं हळूहळू सावळं झालं. तो गंज नव्हता. उलट त्या सावळेपणामुळे गंज दूर राहायचा. पुढे त्याचा नातू तेलाच्या कंपनीत नोकरीला लागला आणि मला घेऊन अबुधाबीला आला. १९९३ साली तो कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा त्याने घरातलं सामान विकायला काढलं. तिथे मला सिरिलने पाहिलं.

सिरिल मूळचा वसईचा. एका हॉटेलात परचेस मॅनेजर होता. जुने अमेरिकन चाकू जमवण्याचा त्याला नाद होता. माझा ठसा त्याने एका जाडजूड पुस्तकातल्या चित्रांशी ताडून पाहिला. कमानीसारखं गावाचं नाव फक्त १९११ ते १९१४ एवढ्याच काळात ठोकत, असं त्याला आढळलं. त्या संध्याकाळी त्याने बायकोला, पॉलिनला, स्वयंपाकघरातून बोलावून मला दाखवलं. त्याच्या पेटीत बरेच चाकू होते, पण पाहुणे आले की आधी मीच बाहेर निघायचो. मलाही त्याचा गर्व होता.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर गुणवंत राहायचा. पुण्याचा माणूस, अबुधाबीजवळच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीत एका कंपनीच्या वर्कशॉपचा इन्चार्ज. त्याची बायको शोभना आणि मुलगी ईशानी. दोन्ही घरांचं येणंजाणं रोजचं. दिवाळीचा फराळ खाली जायचा आणि नाताळचा केक वर यायचा.

१९९६ च्या उन्हाळ्यात सिरिल दोन महिन्यांच्या सुट्टीवर वसईला निघाला. बंद फ्लॅटमध्ये एसी नसला की तिथल्या दमट हवेत लोखंड टिकत नाही. म्हणून त्याने चाकूंची पेटी गुणवंतकडे ठेवली आणि अधूनमधून तेलाचा हात फिरव म्हणून सांगितलं. गुणवंतने आनंदाने पेटी घेतली.

एके दिवशी तेल लावताना तो मला हातात घेऊन बघत बसला. इतका चांगला चाकू आणि असा काळवंडलेला, याचं त्याला वाईट वाटलं. सिरिलने आपल्यासाठी किती केलं, ईशानीच्या आजारपणात रात्रीबेरात्री गाडी काढली, त्याची आठवण त्याने शोभनाला करून दिली. सिरिलला सरप्राइज द्यायचं असं त्याने ठरवलं. शोभना म्हणाली की आधी फोन करून विचारा. त्यावर तो हसला आणि सरप्राइज कुणी विचारून देतं का, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये त्याने मला धातू घासून चकाकवणाऱ्या बफिंगच्या चाकावर धरलं. मित्रांनो, मी खोटं बोलणार नाही. पहिल्या क्षणी मला ते आवडलं. इतक्या वर्षांनी माझ्या पात्यात मला दिव्यांचं प्रतिबिंब दिसत होतं. आजूबाजूचे कामगार येऊन वाहवा करत होते आणि मी फुशारलो होतो. गुणवंत कामात हयगय करणारा नव्हता. पात्याच्या मुळापर्यंत त्याने मला घासलं. चाक थांबलं तेव्हा ठसा गेला होता. त्याला ते कळलंही नाही.

सिरिल परत आला. त्याने मला उघडलं, मुळाशी अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला. समोर गुणवंतचा चेहरा खुलला होता. सिरिल हळूच म्हणाला, "चकाचक केलास. थँक यू." एवढंच बोलून त्याने मला मिटलं. त्या दिवसापासून पाहुणे आले तरी मी बाहेर निघेनासा झालो.

नाताळात सिरिलकडे मंडळी जमली. पॉलिनने मैद्याचे गोल, गोड फुगे तळले होते. सिरिलच्या हॉटेलातला विन्स्टन आला होता. त्यालाही चाकूंचा शौक. १९११ वाला चाकू दाखव म्हणून तो हटून बसला, तेव्हा सिरिलने नाइलाजाने मला काढलं. विन्स्टनने पातं उजेडात धरून उलटसुलट केलं.

"सिरिल, याचा मार्क कुठे आहे?"

सिरिल उत्तर देणार तोच गुणवंत पुढे झाला आणि ही सगळी आपली कारागिरी, आधी तर तो भंगारातला वाटायचा, असं कौतुकाने सांगू लागला. विन्स्टन त्याच्याकडे नुसता बघत राहिला. कुणीच हसलं नाही. शेवटी पॉलिन खाली बघत म्हणाली, "भाऊ, तो मार्कच त्याचं वय होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून यांनी सांगितलं नाही."

गुणवंतने हातातली प्लेट टेबलावर ठेवली. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी विन्स्टनच्या तळहातावर लखलखत होतो, आणि माझ्या त्या लखलखाटाची मला इतकी लाज वाटली की कुणीतरी पटकन मिटावं असं झालं. शोभनाने काहीतरी निमित्त काढलं आणि ती तिघं वर निघून गेली.

त्यानंतर गुणवंत सिरिलला टाळू लागला. लिफ्टमध्ये गाठ पडू नये म्हणून जिने चढू लागला. माफी मागायला जो शब्द लागतो तो त्याच्या तोंडून निघेना. पुढे त्याने शारजात नोकरी धरली आणि कुटुंब अजमानला हलवलं. निघताना शोभना एकटीच निरोप घ्यायला आली.

वर्षभराने ईदच्या सुट्टीत सिरिल आणि पॉलिन खोर फक्कानच्या समुद्रकिनाऱ्यावर निघाले होते. वाट वाकडी करून ते अजमानला गुणवंतच्या घरी थांबले. सिरिलने मला खिशातून काढून गुणवंतपुढे धरलं. गुणवंत एक पाऊल मागे सरला. नको म्हणाला.

"पेटी उघडली की हा दिसतो, आणि मला तुझा राग येतो," सिरिल म्हणाला. "मला तो यायला नको आहे. तू वापर याला."

तो चहासुद्धा न घेता गेला. दोन जिवलग मित्रांमध्ये मी आलो होतो, हे मला तेव्हा पुरतं उमगलं.

गुणवंतने मला ड्रॉवरमध्ये टाकलं. पण शोभनाने मला वाया जाऊ दिलं नाही. ती माझ्या पात्याने लिंबं चिरायची, कैऱ्या कापायची, कामानंतर मला पुसून कोरडं ठेवायची. तीन-चार वर्षांत माझं पातं पुन्हा सावळं झालं. ठसा मात्र उगवत नसतो.

एके दिवशी ईशानी आईजवळ उभी होती. आता ती दहावीत होती. मला न्याहाळत तिने विचारलं, "हाउ ओल्ड इज इट, बाबा?"

गुणवंत पेपर वाचत होता. त्याने तो घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "त्याच्यावर लिहिलेलं होतं. मी ते पुसून टाकलं. सिरिल अंकलचा होता तो."

"देन कॉल हिम," ईशानी म्हणाली. आणि तिने खरंच नंबर फिरवून रिसीव्हर वडिलांच्या हातात दिला.

"सिरिल, मी गुणवंत," तो म्हणाला आणि थांबला. "माझं चुकलं रे. तेव्हाच म्हणायला हवं होतं. तोंड दाखवायची लाज वाटली." पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. गुणवंत पाठ फिरवून ऐकत होता आणि मान हलवत होता.

पुढच्या शुक्रवारी आम्ही अबुधाबीला गेलो. पॉलिनने पेरू पुढे ठेवले. सिरिलने मला उघडलं, माझ्या सावळ्या पात्याकडे पाहिलं, आणि पेरूच्या फोडी केल्या. पहिली फोड त्याने गुणवंतला दिली.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरचा काळेपणा म्हणजे मळच असतो असं नाही. तिला चमकवण्याआधी तिच्या माणसाला विचारा. आणि एवढं करूनही हातून चूक झालीच, तर लाजेने जिने चढत बसू नका. माझं पातं पुन्हा सावळं व्हायला जेवढी वर्षं लागली, तेवढीच वर्षं ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. ती वर्षं त्यांना कुणी परत देणार नाही.