अभिनंदनाची चाळणी

ऑफिसात त्याला सगळे ‘आपोआप’ म्हणत. काहीही विचारा, हा खांदे उडवून सांगणार, “ते सॉफ्टवेअर आपोआप करतं.” कुलपं बनवणाऱ्या त्या कंपनीचा मेल सर्व्हर अठरा वर्षं त्याच्या सख्ख्या मावशीने सांभाळला होता. महिनाअखेर ती निवृत्त होणार होती आणि भाच्याचा सगळा डोळा तिच्या खुर्चीवर होता.

सोमवारी त्याने फालतू मेल अडवणारी नवी चाळणी बसवली. मावशीने आधीच दोन पानी टिपण दिलं होतं: मेल कुठून कसा आला ते कसं ओळखायचं, खात्रीच्या पत्त्यांची यादी कशी भरायची, नोंदी कुठे साठतात, चुकून अडकलेला मेल कसा सोडवायचा. आपोआपने त्यावर चहाचा कप ठेवला. मग ‘अभिनंदन, लॉटरी लागली’ असे मेल धाडणाऱ्यांचा बंदोबस्त म्हणून स्वतःची अक्कल पाजळली आणि नियम घातला: ‘अभिनंदन’ शब्द दिसला की मेल नष्ट.

“आधी चार दिवस नुसतं अडवून बघ रे,” मावशी म्हणाली.

“तुझा काळ गेला, मावशी.”

मावशीने पदर खोचला. तिने पदर खोचला की घरातले सावध व्हायचे. हा मात्र शीळ घालत जेवायला गेला.

गुरुवारी साडेतीनला मालकांच्या सेक्रेटरीचा फोन आला. “नेमणुकीचं पत्र सकाळीच मेल केलंय. साहेब फिरतीवर आहेत. चारपर्यंत मेलवर होकार द्या, नाहीतर बाहेरचा माणूस घेतील.”

पत्र अर्थातच ‘हार्दिक अभिनंदन’ने सुरू होत असणार. आपोआपच्या तोंडचं पाणी पळालं.

“नष्ट झालं गं,” तो कसाबसा म्हणाला.

“नाही झालं. तू जेवायला गेलास तेव्हा मी ‘नष्ट’चं ‘अडवून ठेव’ केलं. आता शोध तूच.”

चहाच्या कपाचा गोल डाग पडलेलं टिपण समोर धरून त्याने नोंदी चाळल्या, पत्र सोडवलं आणि घाईघाईने उत्तर धाडलं: ‘अभिनंदनाबद्दल मनःपूर्वक आभार. नेमणूक मान्य.’

चारला सात मिनिटं असताना पुन्हा फोन. “उत्तर नाही आलं.”

मावशीने चष्मा पुसला. “बाहेर जाणारे मेलही त्याच चाळणीतून जातात, राजा. दुसरं पान.”

तो खरंच घाबरला होता. पण या वेळी त्याने ओळन् ओळ वाचली, नियम काढला, अडकलेलं उत्तर सोडवलं. चारला दोन मिनिटं कमी असताना ते पोचलं.

मावशीच्या निरोपाच्या दिवशी तिच्या खुर्चीवर बसताच त्याने पहिला हुकूम काढला: हे टिपण वाचल्याशिवाय चाळणीला कोणी हात लावायचा नाही. टिपणाच्या झेरॉक्स प्रती टेबलाटेबलावर गेल्या.

“प्रत्येक प्रतीवर हे गोल कसले?” हिशेबनीस बाईंनी विचारलं.

मावशी भाच्याकडे बघत राहिली.

“ते,” तो म्हणाला, “आपोआप आलेत.”