बोअरभोवतीचा ओटा

वार्तियाच्या घराची चौकट तिच्या खांद्याला लागायची. देमाकच्या त्या किनाऱ्यावर गाव दरसाल थोडं खचतं, समुद्र आत येतो, आणि माणसं भराव टाकून जमीन उचलतात. जमीन उचलता येते, छप्पर कोण उचलणार? मग माणसानंच वाकायचं. वार्तिया वाकून वाकून तशीच राहिली होती, पण गाव सोडायचं नाव कुणी काढलं की बाई अशी ताठ व्हायची की बघत राहावं.

या खेपेला तिचा मुलगा दसुकी सेमारांग शहरातून तिला न्यायला मोठी बोट घेऊनच आला.

"माक, पाण्याचे कॅन आणणारा आता यायचा बंद होणार. चार घरांसाठी कोण डिझेल जाळतो? पिणार काय तू?"

"आपली बोअर आहे की."

"खारट झालीय ती!"

"पाइप फुटलाय. नीट केला की होईल गोड. तुझ्या बापानं खणवलेली बोअर आहे, चेष्टा नाही."

दसुकीनं कपाळावर हात मारून घेतला. पण आईपुढे हरायची त्याला लहानपणापासून सवय होती. "बरं. लिक रसिमिनला आणतो. पाणी गोड झालं तर रहा सुखानं, मी तोंड उघडणार नाही. नाही झालं तर मुकाट्यानं बोटीत बसायचं."

"बसेन," ती म्हणाली. हरायचं तिच्या मनातच नव्हतं, म्हणून इतक्या सहज म्हणाली.

सगळे ज्याला लिक, म्हणजे काका, म्हणायचे त्या रसिमिननंच ती बोअर मारली होती, वार्तियाचा नवरा सुरातमान जिवंत असताना. म्हातारा आला तो तोंडात विडी आणि हातात फुटका आरसा घेऊन. पंप वर काढून त्यानं आरशानं ऊन पाइपात सोडलं आणि एक डोळा मिटून बराच वेळ आत बघितलं.

"ओट्याच्या खालीच पिचलाय केसिंग पाइप, बोअरचा बाहेरचा. भरतीचं पाणी तिथून शिरतंय. वहिनी, हे तुमच्या नवऱ्याचं काम!"

"मेलेल्या माणसाला नावं ठेवू नका, लिक."

"नावं नाही ठेवत, खरं ते सांगतो. पाइपाचे पाय खोल वाळूत रोवलेले, तो कुठे जातोय? घर मात्र खाली चाललंय. आणि त्यानं ओटा पाइपाला सिमेंटनं घट्ट आवळून टाकला. घर ओढतंय, पाइप हटत नाही. मग पिचणार नाही तर काय नाचणार?"

"गावात सगळ्यांनीच आवळलेत. बोटी धडकून पाइप हलायचे."

"म्हणून तर सगळ्यांचेच पिचलेत." त्यानं विडी विझवली. "ओटा फोडावा लागेल."

नमाजाआधी हातपाय धुवायचा तो ओटा. हिरव्या फरश्या सुरातमाननं शहरातून बोटीनं आणल्या होत्या, एकेक फरशी स्वतः बसवली होती, आणि पुढच्याच रोज्यांच्या महिन्यात तो गेला. कबरस्तान केव्हाच पाण्याखाली गेलं. पहाटे ती या ओट्यावर बसायची तेव्हा तिला वाटायचं, आपण अजून त्याच्या घरात नांदतोय. बाकी तिच्यापाशी त्याचं होतं काय?

"पाणी गोड होईल ना?" तिनं विचारलं.

"पाइप पिचलाय म्हणून खारट झालं. पाइप धड झाला की होईल. इतक्या बोअरी मारल्या, मला नका शिकवू."

"मग फोडा. फक्त एक फरशी मला अख्खी काढून द्या."

दसुकीनं छिन्नी अगदी जपून लावली, पण एकही फरशी अख्खी निघाली नाही. सुरातमाननं सिमेंटात कंजुषी केलीच नव्हती. वार्तियानं तुकडे पदरात घेतले आणि ती आत जाऊन बसली. ती रडत होती, हे बाहेर दोघांना कळत होतं.

ओहोटी साधून त्यांनी भोवती खड्डा खणला. पाणी उपसता उपसता दोघांच्या नाकी नऊ आले. पिचलेला तुकडा कापला, आतून बारीक पाइप खोल उतरवला, मधल्या फटीत सिमेंट ओतलं. या वेळी रसिमिननं पाइपाला वरून गोणपाट गुंडाळलं, म्हणजे घर खचलं तरी पाइपाला ओढणार नाही. सिमेंट सुकेपर्यंत वार्तिया तिथून हलली नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी बसली.

मग पंप लावला. आधी गढूळ पाणी आलं, मग भुरकट, आणि दुपार कलता कलता असं नितळ आलं की दसुकीसुद्धा हसला. "जिंकलीस, माक!"

वार्तियानं दोन्ही हातांनी पेला भरला आणि प्यायली.

"कसं आहे?"

"गोड आहे," ती म्हणाली. पुन्हा पेला भरला, पुन्हा प्यायली. "गोड आहे रे. साखरेसारखं." तिनं तिसरा पेला भरला. रसिमिननं धारेखाली ओंजळ धरली, एक घोट घेतला आणि थुंकला. तो सांध्यापाशी वाकला, बोटानं चाचपलं, कान लावला. सांधा पक्का होता. म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

"वहिनी, नुसत्या पाइपाचं नव्हतं हो. जमिनीखालचं पाणीच खारट झालंय. मला वाटलं..."

"गोड आहे म्हणते ना मी!" ती ओरडली, आणि चौथा पेला तोंडाला लावला. तो तिच्या घशाखाली उतरेना. दसुकीनं हळूच तिच्या हातातून पेला काढून घेतला.

"पुरे, माक. भरती यायच्या आत निघू."

वार्तिया उठली. शब्द दिला होता. आत गेली, कपड्यांचं गाठोडं बांधलं, त्यात फरशीचे तुकडे घातले. बाहेर आली ती भाताचं रिकामं पातेलं घेऊन. पंपाची नळी दसुकीनं काढलीच होती. उघड्या पाइपावर तिनं पातेलं पालथं घातलं आणि वर वीट ठेवली.

"हे कशाला?" दसुकीनं विचारलं.

"झाकायला नको? काही पडलं तर पाणी खराब होईल," वार्तिया म्हणाली, आणि बोटीत जाऊन बसली.