पुतळ्याची दृष्ट

कौशल्याबाईंनी मीठ-मिरच्यांची मूठ खुशालरावांवरून उतरवली आणि पडवीतल्या चुलीत टाकली. चौकातल्या पुतळ्याला हार पडला, की त्या संध्याकाळी हे ठरलेलंच.

"डोळे मिटा न! लहान पोरावानी काय पाहून राहिले?"

पुतळा खुशालरावांच्या वडिलांचा, देवमनरावांचा. इंग्रजांच्या तुरुंगातच वारले, तेही ऐन तिशीत. अख्ख्या वऱ्हाडात नाव. पण पोलिसांना ओळख पटू नये म्हणून या माणसाने उभ्या जन्मात फोटो काढू दिला नव्हता. मग पुतळा घडवायचा कसा? समितीने तोड काढली, पोरगा बापावर गेलाय, त्यालाच बसवा. तरणे खुशालराव अमरावतीला जाऊन शिल्पकारापुढे बसून आले. मोठ्या अभिमानाने, बरं का! जिवंत माणसाच्या फोटोलाही आपण हार घालत नाही, हे तेव्हा एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पहिला हार पडला आणि खुशालरावांचा गळा आवळून आला. घास उतरेना. तेव्हापासून दर पुण्यतिथीला तेच. मिरच्या जळून कोळसा व्हायच्या, पण घरात कुणाला साधी शिंक यायची नाही. मिरच्यांचा ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट पक्की बसलेली.

यंदा रस्ता रुंद करताना जुना पुतळा काढला. आज तिथे नवा बसला होता. 'आमच्या घरातला चेहरा आता देऊ नका', असं कौशल्याबाईंनी समितीला निक्षून सांगितलं होतं.

चुलीतून धूर उठला आणि खुशालरावांना जोराचा खोकला आला. मग कौशल्याबाईंना. दोघांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"सुटलो वं!" खुशालराव डोळे पुसत म्हणाले. "पाह्य, गळा मोकळा झाला माहा!"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, गिळून दाखवला आणि खदखदून हसले. कौशल्याबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी देवाला हात जोडले.

तेवढ्यात नातू कुलदीप कार्यक्रमाहून परतला. शर्टाचं वरचं बटण काढून मान चोळत होता.

"काय झालं रे मानेले?"

"काई नाई आजी, उन्हात उभं राहून आखडली. आबा, हे पाहा, सरप्राइज!"

त्याने मोबाईल पुढे केला. झेंडूच्या हारांत गळ्यापर्यंत बुडालेला नवा पुतळा. चेहरा कुलदीपचा.

"हे कोनं सांगतलं होतं तुले?" खुशालरावांचा आवाज चिरकला.

"तुमी नाई म्हणाल म्हणून बोललो नाई. शिल्पकाराले माहे फोटो पाठवले. आपल्याच घरचा चेहरा आहे न, आबा?"

कौशल्याबाई चुलीपाशी गेल्या. त्यांनी दुसरी मूठ भरली.  नातवाला पाटावर बसवून त्यांनी ती उतरवली आणि चुलीत टाकली.

मिरच्या फुगल्या, काळ्या पडल्या. धूर तिघांच्या तोंडावर आला. कुणालाच काही झालं नाही.

मग खुशालराव खोकू लागले. तोंडावर हात धरून, पाठीत वाकून.

"पाह्य वं," ते मधेच म्हणाले, "केवढा ठसका लागला!"

कौशल्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. खुशालरावांचे डोळे कोरडे होते.

"मले तर काईच वास नाई येऊन राहिला," गळ्यावरून हात फिरवत कुलदीप म्हणाला.

कौशल्याबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्याही खोकू लागल्या.