धर्मादाय खात्यातला जावई

मार्तंडरावांचा हिशेब असा होता. तयार पदवीधर जावई घ्यायचा तर हुंडा तीन हजार, वर सोनं, मानपान आणि विहिणीचे रुसवे. तोच मुलगा कच्चा असताना धरला आणि स्वतःच्या पैशानं शिकवला, तर सालाला चारशे. चार सालांचे सोळाशे. तेही निजामाचे हाली रुपये, इंग्रजांचे कलदार नव्हेत. म्हणजे निम्म्यात काम. शिवाय जावई वकील होणार. आणि जालन्याच्या मोंढ्यात कापसाची दलाली करणाऱ्या माणसाचे दोन-तीन दावे तरी कोर्टात बारा महिने लोळत पडलेले असतातच. घरच्या वकिलाची वाचणारी फी मार्तंडरावांनी हिशेबात धरलीच नव्हती. ती वरकड.

मुलगा बदनापूरच्या नरहर मास्तरांचा. गिरिधर त्याचं नाव. औरंगाबादेहून इंटर झालेला, अंगानं किरकोळ, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, पण डोकं असं की मास्तरांच्या पगारात मावत नव्हतं. १९४४ च्या जूनमध्ये मास्तर त्याच्या पुढच्या शिक्षणासाठी कुणाकडून तरी मदत मिळते का बघायला मोंढ्यात आले. त्यांच्या मनात पुणं होतं.

"पुण्याला काय ठेवलंय मास्तर?" मार्तंडरावांनी विचारलं. पेढीवर चार गिऱ्हाइकं बसलेली होती, म्हणून आवाज बेतानं. "तिथं खर्चा कलदारात. शंभर कलदार मोजायचे म्हंजे आपले एकशे सोळा गेले. हैदराबादला सरकारी विद्यापीठ आहे, आपल्याच रियासतीचं. फी थोडी, खानावळ स्वस्त."

"पण तिथं सगळं उर्दूतून शिकवतात," मास्तर म्हणाले. "ती पदवी आपल्या हद्दीबाहेर कोण विचारतो? पुण्याची पदवी कुठंही चालते."

"कुठंही चालते, तीच तर तिची खोड आहे. पदवी कुठंही चालली की पोरगा बी कुठंही जातो. पुण्याला शिकला की मुंबईला बसला, अन् तुम्ही हितं टपालवाल्याची वाट बघत. हैदराबादचा पदवीधर कुठं जाईल? फिरून आपल्याच कोर्टात येईल."

नरहर मास्तर हसले. आयुष्यभर मुलांना पाढे शिकवणाऱ्या त्या माणसाला असा गुणाकार कधी सुचला नव्हता.

मग मार्तंडराव थोडे सरकून बसले. आपल्या मुलीला, ताराला, चौदावं लागलंय, हे त्यांनी हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलं, आणि खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं. मोंढ्यात कापसाचा भाव असाच होतो. वर कापड, खाली बोटं; धरलेल्या बोटांवरून आकडा समजायचा. आजूबाजूच्यांना भाव कळत नाही, कागद होत नाही, साक्षीदार राहत नाही. कापड उचललं की सौदा झाला. मार्तंडरावांनी मास्तरांची चार बोटं धरली आणि त्यांच्या कानाशी म्हणाले, "सालाला चारशे. वकिलीची परीक्षा झाली की मांडव. हुंड्याचं नाव न्हाई."

मास्तरांचा हात असल्या सौद्याला नवा होता. खडू धरणारा हात; कापड उचलल्यावरही तो तसाच पुढं राहिला.

बावीस वर्षांत मार्तंडरावांनी कापडाखालचा एकही सौदा मोडला नव्हता. एका साली रात्रीतून भाव कोसळला तेव्हाही त्यांनी आदल्या दिवसाच्या बोटांप्रमाणे पैसे मोजले होते, आणि त्यावर पुढं दहा वर्षं कमाई केली होती. त्यांच्या दुकानात माल नव्हता की भांडवल नव्हतं. जे काही होतं ते त्या बोटांतच.

हप्ता वहीत लिहिताना मात्र अडचण आली. कुणाच्या नावे टाकायचा? लग्नाआधी 'जावई' लिहिणं बरं नाही, आणि हुंडा हप्त्यानं दिल्याचं मुनीम लोकांत चघळलं गेलं असतं. प्रत्येक पेढीवर असतं तसं त्यांच्याकडंही धर्मादाय खातं होतं: गोशाळा, पाणपोई, मारुतीचं तेल. मार्तंडरावांनी चारशे रुपये त्या खात्यात लिहिले, 'विद्यार्थ्यास मदत'. लिहिताना गालात हसलेही. नफा आपला आणि पुण्यही आपल्याच नावावर, असा दुहेरी सौदा त्यांनी पूर्वी कधी केला नव्हता.

तीन वर्षं दर जूनला एक, असे तीन हप्ते गेले. गिरिधर बी.ए. झाला, वकिलीच्या वर्गात बसला. घरी तारा मोठी होत होती. कुणी जास्त बोललं नाही, पण तिला माहीत होतं. दुपारची ती शेजारच्या सरदारबीकडं जायची. शिवण शिकते, असं मार्तंडराव समजून होते. चार वर्षांत घरात एक झबलंही शिवून आलं नाही, हे त्यांच्या बारीक नजरेतून कसं सुटलं कोण जाणे.

चौथा हप्ता १९४७ च्या जूनचा. तेव्हा बाजाराचे हाल होते. माल अडकलेला, रस्त्यांवर भरवसा नाही, दंगलीच्या भीतीनं कितीक घरं सामान बांधून निजामाच्या हद्दीबाहेर वऱ्हाडात गेलेली. मार्तंडरावांनी मास्तरांना निरोप दिला, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात त्यांनी बघितलं नाही. बदनापूरहून येणाऱ्या गाडीवानाकडून कळलं, मास्तरांनी दुभती म्हैस विकली आणि तुळजाबाईंच्या, म्हणजे मास्तरीणबाईंच्या, हातातल्या पाटल्या गेल्या. ऐकून मार्तंडरावांना क्षणभर कसंसंच झालं. दुसऱ्या क्षणी चारशे वाचले हेही लक्षात आलं, आणि ते पहिल्यापेक्षा जास्त वेळ लक्षात राहिलं.

त्या वर्षी हैदराबादेत गिरिधरच्या बरोबरीच्या कितीतरी पोरांनी कॉलेज सोडून निजामाविरुद्धच्या चळवळीत उडी घेतली. याच्यासमोर म्हैस उभी राहिली. यानं मान खाली घालून परीक्षा दिली, पास झाला आणि मित्रांची बोलणी खाऊन गावी आला.

आणि सप्टेंबर अठ्ठेचाळीसमध्ये चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं.

मोंढा उघडला तेव्हा शेजारच्या पेढीवरचा भुजंग दलाल पानाचा डबा घेऊन आला. जिभेला लगाम नसलेला माणूस.

"मार्तंडराव, तुमचा माल भिजला म्हणा की."

"कंचा माल?"

"हैदराबादहून मागवला होता तो. उर्दू वकील. आता कोर्ट इंग्रजीत चालंल, मराठीत चालंल. उर्दूत कोण दावा लढवणार? त्या डिग्रीत आता पुड्या बांधाव्यात. त्याला बी कागद जाड लागतो."

"मी कुठं मागवला? उगं काहीतरी."

हे वाक्य तोंडातून इतकं सहज गेलं की मार्तंडरावांनाच नवल वाटलं. मग त्यांनी ते चाखून बघितलं. बरं लागलं. ज्या पदवीला हद्दीबाहेर किंमत नाही म्हणून त्यांनी ती पसंत केली होती, ती हद्दच आता उरली नव्हती. आठ दिवसांत अकोल्याच्या एका सरकीच्या व्यापाऱ्याचा मुलगा बघून झाला. इंग्रजी चौथी, पण चालता धंदा, कलदारातला. हुंडा अडीच हजारांवर आला होता, आणखी थोडा खाली येईल असं दिसत होतं.

दिवाळी झाल्यावर नरहर मास्तर आले. धुतलेला कोट, हातात नारळ आणि खडीसाखरेची पुडी. पेढीवर भुजंग होता, आणखी दोन आडते होते. मास्तर बसले, पाणी प्याले.

"मार्गशीर्षातले दोन मुहूर्त काढून आणलेत," ते म्हणाले. "तुम्हाला बराबर वाटेल तो धरू."

"कशाचे मुहूर्त मास्तर?"

मास्तरांना आधी वाटलं, थट्टा आहे. ते हसलेसुद्धा. "गिरिधर आला की परीक्षा होऊन. ठरल्याप्रमाणं..."

"काय ठरलं होतं?" मार्तंडरावांचा आवाज शांत होता, मालात खोट काढताना असायचा तसा. "तुमचा पोरगा हुशार, परिस्थिती बेताची. मी मदत केली. त्यात सोयरिकीचं कुठं आलं? हवं तर वही बघा."

त्यांनी खरंच वही काढली. काढायची गरज नव्हती. पण एकदा बोलल्यावर पुरावा दाखवायची त्यांना फार हौस आली. भुजंगनं ती ओढून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "धर्मादाय. विद्यार्थ्यास मदत, चारशे. पुढल्या साली बी चारशे. वा मार्तंडराव, आम्हाला पाणपोईला दोन रुपये देताना रडता, अन् हितं बाराशे?"

आडते हसले. मास्तरांनी वहीकडं बघितलं, मग मार्तंडरावांकडं. त्यांनी आरडाओरड केली असती, शपथ घातली असती, मांडीवर हात आपटला असता, तर मार्तंडरावांकडं सगळ्यांची उत्तरं तयार होती. मास्तरांनी नारळ उचलून पिशवीत घातला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मला बोटांचा हिशेब कुठं येतो. माझीच चूक झाली. पोरीचं नाव उगीच चारचौघांत निघालं, तेवढी माफी करा."

आणि ते उठून स्टेशनाकडं गेले. भुजंगला मात्र बोटांचा उल्लेख पुरेसा होता. त्यानं पानाला चुना लावता लावता मार्तंडरावांकडं एकदा बघितलं आणि काही बोलला नाही. भुजंग बोलला नाही, असं मोंढ्यात पहिल्यांदाच घडत होतं.

पुढं जे झालं ते कुणाच्याच हिशेबात नव्हतं. मध्यप्रांतातून, मुंबईकडून नवे अधिकारी आले. त्यांनी कोर्टाची, तहसिलीची कपाटं उघडली, तर सगळं दफ्तर उर्दूत. जमिनींचे निवाडे, वारसांच्या नोंदी, गहाणखतं, एक अक्षर लागेना. उर्दू कायदा जाणणारा आणि मराठीत उतरवून देणारा माणूस पाहिजे, अशी जिल्ह्यात ओरड झाली. गिरिधरला महिन्याच्या आत औरंगाबादेत नेमणूक मिळाली. पगार दीडशे.

डिसेंबरात टपालवाला महेमूद भर मोंढ्यात मार्तंडरावांच्या पेढीसमोर सायकल टेकवून उभा राहिला. "सेठ, मनीऑर्डर है. पचास रुपये. सही करो."

मार्तंडरावांनी पैसे घेतले. सोबतच्या तुकड्यावर उर्दूत बारीक अक्षरांत मजकूर होता. महेमूद वाचून दाखवायला निघाला, तसा मार्तंडरावांनी तो झटकन खिशात घातला. भुजंग पलीकडून बघत होता. मोंढ्यात कुणाकडून वाचून घेण्याची सोय राहिली नव्हती.

जेवताना त्यांनी तो तुकडा ताटाशेजारी ठेवला होता. तारा वाढायला वाकली, थांबली, आणि तिनं तो उचलून उजवीकडून डावीकडं, मराठी करत संथपणे वाचला.

"'आपल्या धर्मादाय खात्यातून मला मिळालेल्या बाराशे रुपयांपैकी पन्नास परत पाठवत आहे. बाकी साडेअकराशे. दर महिन्याला येतील. आपला उपकृत, गिरिधर नरहर.'"

मार्तंडरावांनी ताटावरून वर बघितलं. "तुला हे येतं?"

"सरदारबीनं शिकवलं. चार वर्षं झाली."

"कशापायी?"

ताराला वकिलाच्या घरात जायचं होतं, कागद उर्दूत असणार होते. कशापायी हे मार्तंडरावांना विचारताक्षणीच कळलं होतं. तिनं तुकडा होता तिथं ठेवला. मग म्हणाली, "बाबा, मास्तरांची किती बोटं धरली होती तुम्ही?"

तिच्या आवाजात राग असता तर ते दरडावू शकले असते. भाजीत मीठ किती घालू, असं विचारावं तसं तिनं विचारलं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि भात कालवत राहिले. तिला उत्तर मिळालं. ती आत गेली.

"मी बदनापूरला जाऊन येतो," थोड्या वेळानं ते आतल्या अंधाराकडं बघून म्हणाले. "मास्तरांच्या पाया पडतो. अजून काही बिघडलं न्हाई."

"नका जाऊ," आतून आलं. "पगार सुरू झाल्यावर आलात म्हणतील. अन् खरं तेच म्हणतील. अकोल्याला होकार कळवा."

त्यांनी अकोल्याला होकार कळवला. मुहूर्त माघातला निघाला.

मार्तंडरावांना हिशेब पुरा केल्याशिवाय झोप लागत नसे. होकार गेला त्या दिवशी दिवेलागणीला पेढीवर एकटेच बसून त्यांनी वही उघडली. जमेला पन्नास लिहिले आणि महिन्याला पन्नास धरून बघितलं, तर दोन वर्षांत पैसा न् पैसा परत येत होता. मग एका कोऱ्या कागदावर, जो वहीत शिवला जाणार नव्हता, त्यांनी या शिक्षणाचा खर्च कुणी दिला ते मांडलं. तुळजाबाईंनी दोन पाटल्या. नरहर मास्तरांनी म्हैस, आणि पेढीवर मागितलेली माफी. गिरिधरनं मित्र गमावले, आणि वर बाराशे रोख. तारानं चार वर्षं आणि एक आख्खी लिपी. स्वतःच्या नावापुढं काय लिहावं म्हणून त्यांनी बराच वेळ लेखणी धरून ठेवली. हप्ते परत येत होते, चौथा दिलाच नव्हता, आणि मोंढ्यात उघडपणे कुणी काही म्हणतही नव्हतं. शेवटी त्यांनी खरं तेच लिहिलं: मार्तंड, काही नाही.