फिलूबायचं दारामागचं गाणं

फिलूबायचा आवाज यायचा तो आधी उन्हासारखा, पिवळा, जड, जरा धुरकट, आणि मग खाली या आखाती शहरातल्या हूरा वस्तीच्या दुकानांचे दिवे लागेपर्यंत हळूहळू निळा होत जायचा. मी नववीपर्यंत शिकलेली, मला गाण्यातलं कळत नाही. पण एसीची घरघर, बांग, गाड्यांचे हॉर्न, या सगळ्याच्या खालून तो यायचा आणि बाळ रडायचं थांबायचं, माझ्या छातीतली धडधडसुद्धा.

फिलूबाय शेजारची, मडगावची, हॉटेलात गायची. कामावर निघायच्या आधी केस विंचरताना एकच गाणं म्हणायची, पोर्तुगीज, डोळे मिटून, आणि शेवटाला मान अशी वर करायची की बघणाऱ्यालाच दुखावं. मला वाटलं, ही त्यांची प्रार्थना. आमच्या वेंगुर्ल्याला त्या वेळी दिवा लावून हात जोडतात, म्हणून मी तिच्या दारात उभी राहून रोज हात जोडायचे, कडेवरच्या बाळाचेही जोडायचे. आमच्या यांची ड्युटी लांब सीफ भागात, ड्रायव्हरची, अरबी शेठ यल्ला, म्हणजे चल, म्हणाला की पळायचं, घरी येणार कधी त्याचा नेम नाही. मला लिफ्टची भीती, बेल वाजली की भीती. तिचं दार उघडं दिसलं की मग कुठे श्वास यायचा.

एकदा तिनं आरशातून पाहिलं.

"गो बाय, हात कोणाक जोडतंस?"

"तुमच्या देवाक."

ती इतकी हसली की फणी हातातून पडली. म्हणाली, देव कसला, त्यात एक बाई आपल्या माणसाला शिव्या घालते. येतो म्हणालास, दार उघडं ठेवून माझी हाडं गार झाली, आता आलास तर तोंडावर दार लावीन, पण ये रे मेल्या, ये. मग हसू विरलं. तिचा नवरा जुझे लिस्बनला, पासपोर्टचे कागद झाले की बोलावतो म्हणून गेलेला, फोनवर नुसतं हो, हो.

"म्हणजे माझ्याच घोवाक हात जोडी हुतंस, पिशे. जोड, जोड. म्हजें तो आयकना, तुजें तरी आयकतलो."

तेव्हापासून माझे हात जड झाले. त्यानं बोलावलं तर ही जाणार, आणि ही गेली तर या बिल्डिंगमध्ये मला कोण? तरी तिची मान वर झाली की हात आपोआप जोडले जायचे, आणि मी मनात घाईघाईनं म्हणायचे, बोलाव रे तिला, पण एवढ्यात नको, बाळाला दात येऊ देत.

बाळाला दात यायच्या आधीच त्यानं बोलावलं. तिनं बाळाची पापी घेतली, मला म्हणाली, "रडू नको गो, फोन करतंय." विमानतळावर यांनीच सोडलं तिला.

फोन नाही. आता बाळाला निजवताना तीच चाल माझ्या ओठांत येते, शब्द येत नाहीत, त्या शिव्यांमागचा राग तेवढा बरोबर त्याच जागी येतो. माणूस आपल्या माणसाकडे पोचतं, सुटतं. त्याचं वाट बघणं मागे उरतं, आणि जो कोणी जवळ असेल त्याच्या अंगाला लागतं.