आठव्या पायरीची परवानगी

सकाळी साडेनऊला आमच्या जिन्यावर तीस माणसं रांगेत उभी होती. वर कपडे शिवायचा कारखाना, खाली माझा दवाखाना, मध्ये बावीस पायऱ्या. रांगेतला प्रत्येक जण आठव्या पायरीशी थांबायचा, वाकून तिला दोन्ही हात लावायचा, "येऊ का?" असं विचारायचा आणि मग पुढे जायचा. पायरी काही बोलत नव्हती. पण आठवडाभरात कुणी पडलंही नव्हतं, आणि चमत्कार म्हणायला माणसाला एवढं पुरतं.

त्याआधीचे दोन महिने मी लोकांचे गुडघे बांधत होतो. कारखान्यातले अकरा जण पडले, सगळे वर चढताना, सगळे त्याच पायरीवर. बाकीचे जवळपास सगळे निदान एकदा तरी ठेचकाळले. शेवटी बटणांचा खोका नेणाऱ्या मुलीचं मनगट मोडलं, तेव्हा मालक जिनेमहाराजांना घेऊन आले. या गृहस्थांनी याआधी कोणकोणते जिने बरे केले, ते कुणी विचारलं नाही.

महाराज पहिल्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "जिना म्हणजे काय? जो खालून वर जातो आणि वरून खाली येतो. हे ज्याला कळलं, त्याला सगळं कळलं." लोकांनी माना डोलावल्या. मलाही त्यात चूक काढता आली नाही.

मग त्यांनी जिन्याची लाज झाकायला वरपासून खालपर्यंत जाड लाल कापड अंथरायला लावलं, परवानगीचा विधी सांगितला, आणि विचारलं की या जिन्यावर आजवर कधीच न अडखळलेलं कोण आहे. सगळ्यांनी काजवाल्या मावशींकडे पाहिलं. मावशी एकोणीस वर्षं हाताने काजं करत होत्या. त्या एकदाही पडल्या नव्हत्या.

"जिना हिलाच का ओळखतो?" महाराज म्हणाले. "ही आपली पीडा पायरीवर ठेवून जाते."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. सोमवारपासून मावशींनी कारखान्याची पायरी चढायची नाही, असं ठरलं. त्यांच्या एकटीच्या पगारावर त्या आणि अंथरुणाला खिळलेला भाऊ जगत होते. शेजारी बसून वर्षानुवर्षं ज्यांनी त्यांच्या डब्यातलं खाल्लं, त्यांनी आपापले स्टूल दोन हात लांब सरकवले. ते ऐकून मला संताप आला.

मी मालकांना भेटलो. माणूस दुष्ट नव्हता, नुसता घाबरलेला होता. म्हणाला, "डॉक्टर, विधी सुरू केल्यावर पडणं थांबलं की नाही, एवढंच सांगा." थांबलं होतं. मी हात हलवत परत आलो.

शुक्रवारी दवाखान्यात गर्दी नव्हती, म्हणून दारात खुर्ची टाकून जिना बघत बसलो. मावशी आल्या. त्यांचा उजवा गुडघा वाकत नाही, हे मला ठाऊक होतं. तो मीच तपासतो. कठडा धरून त्या डावा पाय वर ठेवत, उजवा त्याच्या शेजारी आणत, खाली बघत, मग पुढची पायरी. अशा बावीसच्या बावीस. त्यांच्यामागची रांग मात्र गप्पा मारत सात पायऱ्या चढत होती आणि आठवीशी थांबून, खाली बघून, जपून पाय उचलत होती. मावशी जे प्रत्येक पायरीवर करत होत्या, ते महाराजांनी बाकीच्यांना एका पायरीवर करायला लावलं होतं.

मी कटिंग मास्तरांना हाक मारली. त्यांच्या गळ्यात टेप होती. कारखान्यात पंधरा जणांच्या गळ्यात असते. दिवसभर जगाच्या छात्या आणि कंबरा मोजतात, आणि पायरी मोजायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. अकरा गुडघे बांधून माझ्याही आलं नव्हतं. आम्ही कापड उचलून मोजलं. बाकी सगळ्या पायऱ्या साडेसहा इंच. आठवी सव्वासात, नववी पावणेसहा. दोन महिन्यांपूर्वी आठवीची फरशी फुटली होती, तेव्हा गवंड्याने जुनी न काढता तिच्यावरच नवी बसवली होती. जिना चढताना पाय पहिल्या दोन पायऱ्यांवर अंदाज घेतो आणि पुढे तोच धरून चालतो. पाऊण इंच त्याला पाडायला भरपूर होतं.

मालकांना आकडे सांगितले. ते म्हणाले, "मावशींमुळेच फुगली असेल."

सोमवारी सकाळी आठला मास्तरांनी पाऊण इंच जाडीची फळी तिसऱ्या पायरीवर कापडाखाली बसवली. हलू नये म्हणून दोन खिळे मारले. साडेनऊला सगळे जमले, महाराजही आले. मावशी हिशेब घ्यायला आल्या होत्या आणि दाराबाहेर उभ्या होत्या. महाराज पुढे निघाले. मी त्यांच्या दंडाशी हात ठेवून चाललो, कारण बारावा गुडघा बांधायची मला हौस नव्हती.

तिसऱ्या पायरीला त्यांचा अंगठा अडला आणि ते दोन्ही तळहातांवर गेले. मी दंड धरला म्हणून तोंड वाचलं. उठून त्यांनी बोट दाखवलं. "पाहिलंत? पीडा आठवीवरून तिसरीवर उतरली. ही बाई दारात उभी आहे ना!"

तीस माना मावशींकडे वळल्या. त्यांनी भिंत धरली.

मास्तरांनी कापड उचललं, पक्कडीने खिळे काढले आणि फळी सगळ्यांना दाखवली. "ही मी बसवली," ते म्हणाले. "आज आठ वाजता. मावशी तेव्हा घरी होत्या."

महाराजांनी फळी निरखून पाहिली आणि लाकूडही लवकर बाधित होतं, असं सांगू लागले. प्लास्टरवाली मुलगी हसली. मग बाकीचे हसले, आणि महाराजांना दुसरा एक जिना आठवला.

मालकांनी मास्तरांच्या गळ्यातली टेप मागून घेतली आणि गुडघे टेकून आठवी पायरी स्वतः मोजली. दोनदा मोजली. मग दाराशी जाऊन मावशींना वर चला म्हणाले. मालकांची मान खाली होती, पण मला त्यांची दया आली नाही.

संध्याकाळी मावशी गुडघा दाखवायला आल्या. मी त्यांना साडेसहा, सव्वासात, पावणेसहा असं सगळं समजावून सांगितलं.

"ती पायरी उंच झालीय, हे मला माहीत होतं, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी गुडघ्याला कळलं."

"मग सांगितलं का नाही?"

"पायरीला सगळ्यांनी विचारलं. मला कुणी विचारलं?"

मला शरम वाटली. वाचणाऱ्यांना एवढीच विनंती आहे: कुणाला पीडा ठरवण्याआधी एकदा टेप लावून बघा, आणि त्याच्याही आधी त्या माणसाला विचारा.