एकच फाइल फुकट

व्हर्नन जन्मांध. मी, डोरीन, त्याची दुसरी बायको. शाळेत असताना हा पठ्ठ्या रिसीव्हरमध्ये शीळ घालून टेलिफोन कंपनीला गंडवायचा. नेमका सूर लागला की लांबच्या गावांच्या लाइनी फुकट उघडायच्या. देशभरातली असली उपद्व्यापी पोरं एकाच लाइनवर जमून गप्पा छाटत बसायची. त्यातलीच एक ल्युसिल, त्याची पहिली बायको. ती जाऊन बरीच वर्षं झाली.

त्या गप्पांची रेकॉर्डिंग त्याने कॉम्प्युटरवर जिवापाड जपली होती. मंगळवारी सकाळी इंटरनेटवरून कुणी चोर आत शिरला आणि त्या सगळ्या फाइलींना कुलूप लावून बसला. स्क्रीनवर खंडणीची मागणी, आणि खाली चोराशी बोलायची चौकट. दुसरी कॉपी होती, पण शहाण्याने ती त्याच कॉम्प्युटरला जोडून ठेवलेली, म्हणून तिलाही कुलूप. मागितलेली रक्कम आम्हाला या जन्मात जमणार नव्हती.

"विचार त्याला, आत कसा शिरलास? आम्हीही फोन कंपनीत असेच शिरायचो म्हणावं." व्हर्ननचा चेहरा चक्क उजळला होता.

"घर लुटलंय तुझं, आणि कौतुक कसलं करतोस चोराचं!"

"विचार तर खरं!"

मी टाइप केलं आणि आलेलं उत्तर वाचून दाखवलं. "माहीत नाही. प्रोग्रॅम भाड्याने घेतलाय. पैसे कधी देताय?"

"कसं शिरलो तेच ठाऊक नाही? मग याला मजा कसली येते?" व्हर्नन हिरमुसला.

तेवढ्यात चोराने लिहिलं, विश्वास बसावा म्हणून एक फाइल फुकट उघडून देतो, कुठली हवी? या धंद्यात तशी पद्धतच आहे म्हणे.

व्हर्नन खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत बसला. मेल्याला माझ्यासमोर ते नाव घेववत नव्हतं.

"ल्युसिलची माग ना. खाणार आहे का मी तुला?"

"तुला राग नाही येणार?"

"येईल. तू सांग."

फाइल आली. आधी खरखर, मग एका पोरीचा बारीक आवाज. "कोणी आहे का? मी ल्युसिल. नेब्रास्काहून बोलतेय. इथे माझ्याशी कोणी बोलतच नाही."

"मी आहे ना!" रेकॉर्डिंगमधला, नुकताच आवाज फुटलेला व्हर्नन ओरडला.

चोरानेही ती ऐकली असावी. त्याने विचारलं, "यात तुम्ही चोरलंत काय?"

"काही नाही. बोलत बसायचो," व्हर्ननने लिहायला सांगितलं.

"थापा," एवढंच लिहून तो पुन्हा पैशांवर आला. आम्ही नाही म्हटलं. चौकट बंद झाली, बाकीचे आवाज गेले ते गेलेच.

व्हर्नन मान खाली घालून बसला होता. मला ल्युसिलचा हेवा वाटत होता, का नाकारू? पण ती पोर इतकी एकटी होती, की तिला पुन्हा उत्तर मिळावं म्हणून मीच ती फाइल परत लावायचं बटण दाबलं.